फाइल उघडेपर्यंत

उत्तरेकडच्या आमच्या बंदराच्या गावी, हुसाविकमध्ये, माणूस गेलं की घरचे तीन फोन करायचे. पहिला पाद्रीला, दुसरा पेटी करणाऱ्या सुताराला आणि तिसरा स्वावाला. पाद्री गावात नसला तर घाटापलीकडच्या अकुरेरी शहरातून दुसरा बोलावता येतो, पेटीही तिकडून मागवता येते. स्वावाला मात्र पर्याय नव्हता. अंत्यविधीला चर्चच्या प्रत्येक बाकावर एक घडीची पत्रिका ठेवलेली असते. वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली जन्मतारखेपुढे चांदणी आणि मृत्यूच्या तारखेपुढे क्रूस, आत म्हणायची स्तोत्रं, शेवटच्या पानावर घरच्यांनी मानलेले आभार. ती पत्रिका आमच्या गावात एकोणतीस वर्षं एकट्या स्वावाने जुळवली.

मी बेग्गी. त्याच छापखान्यात मशीन चालवायचो. तिचं टेबल बंदराकडच्या खिडकीपाशी आणि माझं मशीन भिंतीपलीकडे. मधल्या दाराला कडी होती, पण ती लावल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे एकोणतीस वर्षं मी तिचे उसासे ऐकले. लग्नाच्या बायकोचेही इतके ऐकले नसतील.

स्वावा उंच बाई, पण खुर्चीने तिला वाकवून टाकलं होतं. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि शोधत असायची तिसरा. गुडघे दुखायचे. नवरा तेलविहिरींवर काम करायला नॉर्वेला गेला आणि तिकडेच रमला, त्याला वीस वर्षं झाली होती. त्याबद्दल कुणी विचारलं की ती म्हणायची, "जाऊ दे." पगार वाढला नाही तरी "जाऊ दे." मी चुकून स्तोत्राचं पान उलटं छापलं तेव्हा मात्र "जाऊ दे" म्हणाली नाही. सगळा गठ्ठा माझ्याकडून परत छापून घेतला, आणि घड्या घालायला स्वतः बसली.

ही बाई हळवी होती असं गावातले लोक आता सांगतात. हळवी वगैरे काही नव्हती. थकलेली होती. रोज कुणीतरी डोळे सुजवून समोर येऊन बसायचं, आणि गाव लहान, त्यामुळे समोरचं माणूस ओळखीचंच निघायचं. त्याचं ओझं होत असणार, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

आता फाइलचं सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

कंप्युटर आला त्या वर्षी स्वावाने एक पत्रिका नीट जमवली. समास, अक्षरांची मापं, चांदणी, क्रूस, सगळं जागच्या जागी. मग दुसरं माणूस गेलं. नवीन फाइल कोण करत बसणार? तिने तीच उघडली, नाव बदललं, तारखा बदलल्या, जुना फोटो ओढून पानाच्या बाहेर सारला, नवा आत चिकटवला आणि सेव्ह केली. तिसऱ्याला तेच. पडद्यावर पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा असते, जेवणाच्या ताटाभोवती टेबल असतं तशी. तिथे ठेवलेलं छापून येत नाही. तेरा वर्षांत त्या टेबलावर सगळं गाव जमलं. कोळी, शाळामास्तर, दाई, दोन पाद्री. लहान लहान फोटो, एकमेकांवर चढलेले, कुणाची टोपी दुसऱ्याच्या हनुवटीखाली.

"काढून का टाकत नाहीस?" मी एकदा विचारलं होतं.

"वेळ कुठाय?"

"एक बटण दाबायचं."

"तू दाब मग. ये. तुझा बाप इथेच आहे, डावीकडे, तपकिरीच्या डबीसकट."

मी मशीनकडे वळलो.

ही फाइल उघडायला बारा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून बघितलंय. घरचे लोक यायचे, स्वावा फाइलवर दोनदा टिचकी मारायची, पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागायचं, आणि कंप्युटर दुसरं काहीच करू द्यायचा नाही. मग ती उठायची, थर्मासमधली कॉफी ओतायची, क्लाइनूर, म्हणजे पिळाच्या तळलेल्या पुऱ्या, बशीत काढायची, आणि कंटाळून काहीतरी विचारायची. "हा स्वेटर कुणी विणला गं?" किंवा "ही बोट कुणाची?"

माणसं पहिली चार-पाच मिनिटं नुसतीच कॉफी ढवळत. सातव्या-आठव्या मिनिटाला कुणीतरी बोलायला लागे. एकदा एका म्हातारीने नवऱ्यासाठी पाद्रीने सांगितलेलं स्तोत्र लिहून आणलं होतं. आठव्या मिनिटाला म्हणाली, "खरं सांगू? त्याला हे अजिबात आवडायचं नाही. हे लागलं की तो बाहेर जाऊन तंबाखू ओढायचा." स्वावाने स्तोत्र बदललं. त्या शनिवारी चर्चमध्ये म्हातारी पहिल्यांदा रडली, आणि रडताना जरा हसलीही. मी शेवटच्या बाकावर होतो, मला दिसलं.

मग २००८ साली, म्हणजे देशातल्या बँका बुडायच्या आधीच्या हिवाळ्यात, आमचा छापखाना राजधानीतल्या एका कंपनीने विकत घेतला. नियम आले. आता पत्रिका तयार झाली की आधी राजधानीत पाठवायची, तिथल्या यंत्रणेने पास केली की मग ती माझ्या मशीनवर यायची. आणि दहा एमबीच्या वरची कुठलीही फाइल ती यंत्रणा घेणार नव्हती. स्वावाची मूळ फाइल होती तीनशे नव्वद एमबीची. त्यातून छपाईसाठी जी चार पानांची पीडीएफ बाहेर काढायची ती चाळीसच्या घरात. पहिल्याच आठवड्यात तीन पत्रिका परत आल्या. ऐन वेळी मला गाडीने अकुरेरीला जाऊन छापून आणाव्या लागल्या, तेही घाटात बर्फ असताना.

मग एका सोमवारी कंपनीचा माणूस स्वतः आला. इंग्वी त्याचं नाव, वय चौतीस, पातळ बूट घालून आलेला. त्याचा आजोबा आमच्याच गावचा, त्यामुळे तो परका म्हणता येत नव्हता. एरवी राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला, पण पोरगा वाईट नव्हता. स्वावाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. फाइल उघडायला लावली, आणि बारा मिनिटं त्यालाही कॉफी प्यावी लागली.

"अगं स्वावा," तो पडद्याकडे बघून म्हणाला, "हे काय गं? केर काढतेस आणि सोफ्याखाली लोटतेस?"

"तुझा आजोबा पण आहे सोफ्याखाली. उजवीकडे वर. लोकरी टोपीवाला."

इंग्वी पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "हो, तेच आहेत. पण फाइल तीनशे नव्वदची आहे."

त्याने तिला सगळं समजावलं. मीही दारात उभा राहून ऐकलं, म्हणून मला सांगता येतंय. एक तर फोटो नुसते जोडायच्या ऐवजी ती आत चिकटवायची, म्हणजे अख्खा फोटो फाइलच्या पोटात. दुसरं, पेटीएवढ्या मोठ्या छपाईलाही पुरतील इतके बारीक ते स्कॅन केलेले, आणि छापायचे तळहाताएवढे. तिसरं, ज्या ज्या वळणाची अक्षरं कधीतरी वापरली ती सगळी आत. आणि चौथं मला सगळ्यात विचित्र वाटलं. नुसतं सेव्ह केलं की हा प्रोग्राम जुनं पुसत नाही, त्याच्या शेवटी नवं जोडत जातो. तुम्ही खोडलं असं तुम्हाला वाटतं, पण वजन तिथेच. त्यासाठी सगळं साफ करून फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करायची. मग तो नव्याने लिहितो, फक्त जे दिसतंय तेवढंच.

"म्हणजे मी तेरा वर्षं चुकीचं बटण दाबत होते," स्वावा म्हणाली.

"चुकीचं नाही. पण... हो."

"जाऊ दे. सांग कुठलं दाबू."

मंगळवारी दिवसभर ती पुसत होती. इंग्वी परत गेला होता, पण त्याने कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या. पलीकडून मला फक्त टिचकीचा आवाज येत होता, आणि अधूनमधून एखादं नाव. "योरुन. गेली. हाल्दोर. गेला." जणू ते दुसऱ्यांदा मरत होते. माझा बाप कधी गेला ते मला कळलं नाही, मी तेव्हा मुद्दाम मशीन चालू केलं होतं. संध्याकाळी चारला ती कोट घालताना म्हणाली, "नऊ एमबी. जुनी फाइल कचऱ्यात टाकली आणि कचराही रिकामा केला. आता लगेच उघडते." चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. दिसले ते थकलेले खांदे.

बुधवारी माझी पाळी. तिने काढून दिलेल्या सगळ्या पीडीएफ माझ्या मशीनच्या कंप्युटरवर पडून होत्या, मी त्या कधी हलवल्या नव्हत्या. इंग्वीचा हुकूम होता, या आठवड्याचं काम ठेवायचं आणि बाकी सगळं पुसायचं. मी यादी उघडली. आमच्याकडे आडनावं नाहीत, प्रत्येकाचं नाव आणि बापाचं नाव, त्यामुळे यादी नावांचीच. मी एकेक ओळ बघत गेलो आणि पुसत गेलो. एका ठिकाणी थांबलो. थोरदिस एगिल्सदोत्तिर.

ही आमची दिस्सा. आधीच्या आठवड्यात गुरुवारी तिची गाडी घाटात बर्फावरून घसरली होती. सव्वीस वर्षांची पोर. उन्हाळ्यात देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर काम करायची, हिवाळ्यात मासळीच्या कारखान्यात. येत्या शनिवारी तिचा विधी. मला वाटलं, वा, स्वावाने या वेळी चपळाई केली, फोटो यायच्या आधीच नावाचा कच्चा मसुदा पास करून घेतला. ती एक फाइल मी ठेवली. बाकी सगळ्या पुसल्या.

गुरुवारी सकाळी दिस्साचा बाप आला. एगिल माझ्याच वयाचा, बंदरावर जाळी दुरुस्त करतो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आत आला तो अंगातलं सगळं कुणीतरी काढून घेतल्यासारखा. स्वावासमोर बसला आणि खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. दिस्साचं गाडी चालवायचं लायसन्स.

"हाच फोटो," तो म्हणाला.

स्वावाने फाइलवर टिचकी मारली. फाइल उघडली. मी दारातून बघत होतो. फिरणारं चक्र दिसलंच नाही, पान एकदम समोर आलं. तिने लायसन्स स्कॅन केलं, फोटो चौकटीत बसवला, तारखा विचारल्या, स्तोत्रांचे आकडे विचारले. एगिलने कागद दिला. सगळं मिळून सात मिनिटं.

"आणखी काही?" स्वावाने विचारलं.

"नाही."

"शुक्रवारी दुपारी गठ्ठा चर्चमध्ये पोचेल."

तो उठला. कॉफीचा थर्मास होता तिथेच होता, झाकणही उघडलं नव्हतं. मी त्याला सोडायला बाहेर गेलो. वारा उत्तरेचा, तोंड उघडलं की दात गार पडत होते. तो गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला आणि आत बसेना.

"काय रे?" मी म्हटलं.

"बेग्ग्या, त्या फोटोत ती कैद्यासारखी दिसते रे."

"लायसन्सवर सगळेच तसे दिसतात."

"लोक तोच हातात धरून बसणार. तोच घरी नेणार. हसरा एक तरी असायला हवा होता." तो बंदराकडे बघत बोलत होता. "सगळ्यांचे फोटो हीच काढायची. हिचा कुणी काढला नाही. लहानपणचे होते ते तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेले. एक फार चांगला होता. माझी आई आणि ती, दोघी दारात, ब्लूबेरी गोळा करून आलेल्या. हसून हसून दात निळे. तो मी आईच्या पेटीत ठेवला."

"पेटीत?"

"आईच्या छातीवर. मला काय माहीत, पोरीला लागेल म्हणून."

तो गेला. मी आत आलो तो तणतणतच. स्वावा लायसन्सच्या फोटोतली सावली कमी करत होती.

"त्याला हसरा फोटो हवा होता," मी म्हणालो.

"मग बोलला का नाही?"

"तू विचारलंस कुठे? त्याला कॉफी पण दिली नाहीस. पोस्टात पाकीट टाकून जातात तसा आला आणि गेला."

तिचा हात माऊसवर थांबला. मी ब्लूबेरीच्या फोटोचं सांगितलं, पेटीचं सांगितलं. ऐकता ऐकता तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"तो माझ्याकडे होता," ती म्हणाली. "एगिलची आई गेली तेव्हा त्याने तोच दिला होता. मी अख्खा स्कॅन केला आणि चौकट म्हातारीवर ओढली. पोर चौकटीच्या बाहेर गेली, पण आत होती ती. आठ वर्षं होती." मग अगदी हळू म्हणाली, "मंगळवारी दुपारी पुसला. जेवणानंतर."

तिला आणखी टोचायचं माझ्या जिवावर आलं. मी मशीनकडे गेलो. निदान माझी तयारी तरी वेळेवर व्हावी म्हणून यादीतला तो मसुदा, थोरदिस एगिल्सदोत्तिर, उघडला, प्रूफ काढलं, आणि कागद हातात घेतल्यावर माझं डोकंच फिरलं. वर बुचडा बांधलेली म्हातारी. चांदणी १९२१, क्रूस २०००.

"स्वावा!" मी ओरडलो. "अगं बाई, डोळे आहेत का खिडक्या? पोरीच्या नावावर आजी पाठवलीस?"

ती आली, कागद घेतला, बघितला. मला वाटलं रागावेल. तिने विचारलं, "ही फाइल केवढी आहे?"

"मला काय विचारतेस केवढी आहे? चूक तुझी—"

"बेग्ग्या, केवढी आहे?"

मी बघितलं. "एकेचाळीस एमबी."

"मी अजून काही पाठवलेलंच नाही. माझी दोनची आहे, ती अजून माझ्याच पडद्यावर आहे." तिने भिंतीला हात टेकला. "एकेचाळीसची कंपनीच्या दारातून येऊच शकत नाही. ही आठ वर्षांपूर्वीची आहे. तू ही पुसली नाहीस?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. एगिलच्या आईचं नाव थोरदिस, तिच्या बापाचं नाव एगिल. तिने मुलाला बापाचं नाव दिलं, मुलाने पोरीला आईचं. आमच्याकडे घरोघरी हीच रीत. म्हणून आजीही थोरदिस एगिल्सदोत्तिर आणि नातही थोरदिस एगिल्सदोत्तिर. मी नातीची समजून आजीची ठेवली होती. तारीख बघायचं काही सुचलं नव्हतं. आयुष्यभर मी आळशीपणाबद्दल बोलणी खाल्ली, पण त्या बुधवारच्या आळसाबद्दल मला आजवर कुणी बोल लावलेला नाही.

स्वावा माझ्या स्टुलावर बसली. एरवी त्यावर शाई असते म्हणून कधी बसत नाही. "चार पानं आणि एक फोटो," ती स्वतःशीच म्हणाली, "एकेचाळीस कशाने होईल?" आणि तिने इंग्वीला फोन लावला, आवाज मोठा करून.

"चौकट लहान केली तरी आतला फोटो अख्खा बाहेर जातो," इंग्वी म्हणाला. "पीडीएफ काढताना एका ठिकाणी खूण करायची असते, चौकटीबाहेरचं कापून टाक म्हणून. ती तू कधीच करत नव्हतीस. मी दिलेल्या कागदावर शेवटी आहे बघ ते."

"म्हणजे जे दिसत नाही ते अजून आत आहे?"

"असणारच. म्हणून तर जड."

तिने म्हातारीच्या फोटोवर टिचकी मारली आणि तो फोटोच्या प्रोग्राममध्ये उघडला. पडद्यावर आधी आभाळाचा तुकडा आला, मग दाराची चौकट, मग म्हातारी. आणि तिच्या शेजारी, आठ वर्षं कुणाला न दिसलेली, सतरा वर्षांची दिस्सा. हातात बादली, मान मागे टाकलेली, आणि दात, अगदी खरंच, निळे.

फोनवर इंग्वी "हॅलो? हॅलो?" करत होता.

"आहे," स्वावा म्हणाली. "सापडली."

इंग्वीला अर्धवटच कळलं. पण त्याने विचारलं, "स्वावा, माझ्या आजोबांच्या फोटोतही असं बाहेर राहिलेलं कुणी असेल का?"

"होतं," स्वावा म्हणाली. "तुझी आजी होती. त्याचा दंड धरून."

खाली बंदरात एक बोट भोंगा वाजवून गेली.

"जाऊ दे," स्वावाच शेवटी म्हणाली. "आता मला सांग, हा फोटो तुमच्या दहाच्या दारातून कसा न्यायचा."

त्याने सांगितलं, छपाईला लागेल तेवढाच बारीक ठेव, बाकीचे ठिपके कमी कर. तिने केलं. मग ती चौकट दिस्सावर ओढायला लागली. म्हातारी बाहेर गेली, पण तिचा एक हात नातीच्या खांद्यावर होता. तो नेमका चौकटीत राहत होता, जाड बोटांचा, ब्लूबेरीने डागाळलेला. स्वावाने चौकट आणखी आत घेतली तर पोरीचा कान कापला जाई. तिने ती परत बाहेर घेतली.

"हात राहिला तर एमबी वाढतील का रे?" तिने फोनमध्ये विचारलं.

"नाही. काहीच फरक नाही पडत."

"मग राहू दे."

शुक्रवारी सकाळी पत्रिका पास होऊन आली, दोन पॉइंट तीन एमबी. मी अडीचशे छापल्या, आणि घड्या स्वावाने घातल्या. तिला पहिल्यासारखं घाईने जमत नव्हतं, एकेक घडी नखाने दाबत होती.

शनिवारी चर्च भरून बाहेर उभे राहिले होते लोक. एगिल सगळ्यात पुढे. त्याने पत्रिका उचलली आणि पहिल्या स्तोत्रापर्यंत पानच उलटलं नाही. त्याचं डोकं खाली, आणि मागून फक्त त्याची मान हललेली दिसत होती. नंतर सभागृहात कॉफीला बसलो तेव्हा तो आमच्या टेबलाशी आला. पत्रिका कोटाच्या आतल्या खिशात होती, वरचा कोपरा दिसत होता.

"हा मी पुरला होता," तो स्वावाला म्हणाला.

"माहीत आहे."

"आईच्या पत्रिकेत तू पोरीला कापून टाकलंस म्हणून मला तेव्हा राग आला होता. बोललो नाही."

"कापलं नव्हतं एगिल. झाकलं होतं नुसतं."

त्याने मान हलवली. हलवतच राहिला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला, जाळ्याने चिरलेला तो मोठा हात, आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. स्वावाने समोरचा केक चार वेळा चमच्याने फोडला आणि खाल्ला नाही.

"गुरुवारी विचारायला हवं होतं मी," ती मला म्हणाली.

"सापडला ना शेवटी?"

"तुझ्या आळसाने सापडला. पुढच्या वेळी कशाने सापडेल?"

मी आणखी कॉफी आणायला उठलो.

सोमवारी नेहमीसारखं काम सुरू झालं. दहाच्या सुमाराला दार वाजलं. बर्फावर मीठ टाकणाऱ्या गाडीवरच्या ड्रायव्हरची बायको आली होती, तिचा नवरा रविवारी पहाटे झोपेतच गेला होता. हातात एक पाकीट, त्यात एक फोटो आणि पाद्रीने दिलेला स्तोत्रांचा कागद. ती खुर्चीच्या कडेवर बसली, लगेच उठून जायचं असल्यासारखी.

स्वावाने फाइलवर दोनदा टिचकी मारली. मी मधल्या दारात उभा होतो, पडदा मला दिसत होता. पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं, पांढरं, चांदणी आणि क्रूस जागच्या जागी, भोवतालचं टेबल रिकामं. स्वावाने पडद्याकडे बघितलं. मग हात लांब करून तो भिंतीकडे वळवला.

"जरा वेळ लागेल हं," ती बाईला म्हणाली. "जुनी फाइल आहे, उघडायला दहा-बारा मिनिटं घेते."

आणि गुडघ्यावर हात टेकून, उसासा टाकत, कॉफी ओतायला उठली. मी मधलं दार ओढून घेतलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच.